असा योगायोग तुमच्या वाट्याला आलाय का? (अनुभव धागा)

सुरुवात मी करते. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे उपचारासाठी येणाऱ्या एका बाईंना स्वप्नात सोनेरी भुंग्याचा दागिना मिळाला होता. त्या ते सांगत असतानाच खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंगनी खिडकी उघडली, आत शिरलेला हिरवट-सोनेरी भुंगेरा हवेतच पकडला आणि बाईंच्या हातात ठेवला. मनातलं आणि बाहेरचं असं अर्थाने जुळतं, पण एकामुळे दुसरं घडलेलं नसतं. याला त्यांनी सिंक्रोनिसिटी म्हटलं. त्यांचा त्यावरचा निबंध १९५२ साली आला.

नुसता चमत्कार नको. त्या वेळी मनात काय चाललं होतं तेही लिहा.

कराडहून
वाटणीवरून दादाशी बोलणं तुटलेलं. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकच घोळत होतं, करावा का फोन? तेवढ्यात त्याचाच आला. हात पिठाचे, म्हणून लेकीने स्पीकरवर लावला. सातबाऱ्याच्या कामाला माझी सही हवी होती, बाकी काही नाही. आठवडाभर आधी आला असता तर मी उचललाच नसता. सही दिली, दादा जेवून गेला. माझ्यापुरतं ते देवानेच घडवलं.

भौतिकशास्त्र शिकवतो
युंगचा निबंध ज्या पुस्तकात आला त्यात भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलींचाही होता. भौतिकशास्त्रातल्या एका मूलभूत स्थिरांकातून येणाऱ्या १३७ या आकड्याने पाउलींना आयुष्यभर झपाटलं होतं. १९५८ मध्ये झुरिकच्या इस्पितळात त्यांना मिळालेली खोली १३७ नंबरची. तिथेच ते गेले.

परदेशातून
बाबा गेले त्याच्या आदल्या रात्री ते माझ्या स्वप्नात आले होते. नातेवाईक म्हणाले, संकेत होता, तेव्हाच निघायला हवं होतंस. पण ते आजारी पडल्यापासून रोजच स्वप्नात यायचे! ते बोलणं अजून टोचतं.

गणिताचा मास्तर
ताई, तुमच्यासाठीच लिहितोय. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पोरांना पटत नाही, मग हजेरीपटावरून जन्मतारखा वाचून दाखवतो. जुळायला जागा भरपूर असल्या की जुळतंच. तुम्हाला स्वप्न रोज पडत होतं, म्हणजे बातमी कुठल्याही दिवशी आली असती तरी आदल्या रात्रीचं स्वप्न होतंच. त्यात तुमचा काडीचाही दोष नाही.