मदत हवी आहे : ‘ड्रीमिंग’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील युटोपिया या ठिकाणच्या आदिवासी चित्रकार एमिली कामे उंग्वारे यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहिताना मी ‘ड्रीमिंग’ या शब्दापाशी अडलो आहे. पूर्वज आणि भूमी यांच्याशी असलेल्या नात्याची तिथल्या आदिवासींची संकल्पना इंग्रजीत या शब्दाने सांगितली जाते. १९७७ पासून बाटिक (मेण वापरून कापड रंगवण्याची कला) करणाऱ्या एमिलीबाई अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास कॅनव्हासकडे वळल्या आणि १९९६ मध्ये निधन होईपर्यंत, अवघ्या आठ वर्षांत, त्यांनी सुमारे ३००० चित्रे रंगवली. त्यांचे १९९५ चे ‘बिग याम ड्रीमिंग’ आठ मीटर रुंद आहे. काळ्या पृष्ठभागावर केवळ पांढऱ्या रेषा, जमिनीखाली पसरणाऱ्या कंदमुळांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. ‘कामे’ हे त्यांचे नावही शीर्षकातल्या ‘याम’ या कंदाच्या बियांवरून आलेले.

‘स्वप्न’ म्हटले की झोप आठवते आणि ‘पुराणकथा’ म्हटले की सारे भूतकाळात जाते. ‘ड्रीमिंग’मध्ये मात्र पूर्वज, भूमी, विधी आणि त्या भूमीची आजची जबाबदारी एकत्र नांदतात. ‘देवक’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यातही कुळाचे वनस्पतीशी नाते आहे, परंतु वाचक तो लग्नविधीपुरताच घेतील अशी धास्ती वाटते. अंकात तळटिपांची सोय नाही आणि चित्राच्या शीर्षकातही तोच शब्द बसायला हवा. मानववंशशास्त्राच्या किंवा लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी कृपया सांगावे : ‘देवक’ इथे चालेल, की ‘ड्रीमिंग’ तसाच ठेवून लेखातच त्याचा अर्थ उलगडावा?