मेन कून बोका: जवळ येतो, पण उचलू देत नाही. मदत हवी आहे

दीड वर्षाचा नर, साडेसहा किलो, नसबंदी झालेली, फ्लॅटमध्येच असतो. दिवसभर मागे मागे फिरतो, चिवचिवाट केल्यासारखा बोलतो, पाहुण्यांनाही बुजत नाही. पण उचललं की धडपडून सुटतो आणि पोटाला कंगवा लावू देत नाही. तिथे आणि काखेत केसांच्या गाठी होतात. (पाठ मात्र तासभर विंचरा, राजेशाही थाट!)

डॉक्टरांनी तपासलंय, दुखणं काही नाही. खाऊ देऊन, खेळवून दमवल्यावर, झोपेत, सगळं करून पाहिलं. गुंगी देऊन केस कापायचे नाहीत.

ही जात पूर्ण वयात यायला तीन ते पाच वर्षं लागतात. ज्यांचे मेन कून चार वर्षांपुढचे आहेत, त्यांचे वयानुसार निवळले का? आणि पोट विंचरायची सवय नेमकी कशी लावलीत?