मदत हवी आहे : टॉप एंडमधली कॅरव्हॅन सहल, जिताड्याची मासेमारी आणि सुरक्षित पोहणे यांचा मेळ कसा घालावा?

खाडीकाठ :

नमस्कार मंडळी.

आम्ही दोघे गेली १७ वर्षे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहतो. मी ६१ वर्षांचा आहे आणि पत्नी ५७ वर्षांची. पुढच्या वर्षी मार्चअखेर मी निवृत्त होतो आहे. त्यानंतर हातपाय धड आहेत तोवर आमची जुनी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, गाडीला जोडून नॉर्दर्न टेरिटरीच्या अगदी उत्तरेकडच्या भागात, ज्याला इथे ‘टॉप एंड’ म्हणतात तिथे, सहा आठवडे हिंडून यायचे असे आम्ही ठरवले आहे. स्टुअर्ट हायवेने ॲडलेडहून डार्विन साधारण ३,००० किलोमीटर आहे. दिवसाला ४००-४५० किलोमीटरपेक्षा जास्त चालवायचे नाही असा आमचा नियम असल्यामुळे जाण्यायेण्यातच दोन आठवडे जातील आणि प्रत्यक्ष तिथे राहायला चार उरतील.

या सहलीमागे दोन वेगवेगळ्या इच्छा आहेत आणि माझा प्रश्न त्यांतूनच उभा राहिला आहे. मी मूळचा पेण तालुक्यातला. आमच्याकडे खाडीत आणि खाजणातल्या तळ्यांत मिळणारा जिताडा, ज्याला गोव्यात चणक म्हणतात, तोच मासा इथे बॅरामुंडी या नावाने ओळखला जातो. नुसता दिसायला सारखा आहे असे नव्हे, तर जातही एकच आहे : लेट्स कॅल्करिफर. वडिलांबरोबर बांधावर बसून मी गळ टाकायला शिकलो आणि त्यांच्या हातून निघालेला जिताडा अजून डोळ्यांसमोर आहे. ॲडलेडच्या दुकानांत बॅरामुंडीचे गोठवलेले तुकडे मिळतात, परंतु आपल्या गळाला लागलेला जिताडा हाताळून मला चाळीस वर्षे झाली.

पत्नीला मात्र मासेमारीत रस नाही. तिला पोहायचे आहे, आणि तेही टाइल्सच्या तलावात नव्हे तर झऱ्याच्या वाहत्या पाण्यात. ती चिपळूणजवळच्या गावात, विहिरीत पोहायला शिकली. वाशिष्ठीत मगरी असल्यामुळे नदीत उतरायचे नाही हे तिच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले आहे. त्यामुळे ती घाबरट नाही, पण सावध आहे, आणि टॉप एंडमधली खाऱ्या पाण्यातली मगर ही वाशिष्ठीतल्या मगरीपेक्षा कितीतरी मोठी आणि आक्रमक असते हे तिने माझ्याआधी वाचून ठेवले आहे.

अडचण महिन्याची आहे. तिकडचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. तो संपताना पूरमैदानांवर पसरलेले पाणी लहान ओहोळांतून पुन्हा नद्यांत उतरू लागते, त्याबरोबर बारीक मासळी वाहत येते आणि ओहोळांच्या तोंडाशी बॅरामुंडी टपून बसलेला असतो. मार्च ते मे हा काळ गळासाठी सर्वांत चांगला, आणि जून-जुलैत पाणी थंडावले की मासा सुस्तावतो, असे मी सगळीकडे वाचतो आहे. पोहण्याचे गणित नेमके उलटे आहे. पुराच्या पाण्याबरोबर खाऱ्या पाण्यातल्या मगरी एरवी पोचत नाहीत अशा कुंडांपर्यंत चढून येतात. पाणी उतरल्यावर उद्यानाचे कर्मचारी पाहणी करतात, सापळे लावतात आणि त्यानंतरच ती कुंडे पोहण्यासाठी उघडतात. म्हणजे मी लवकर निघालो तर तिची कुंडे बंद, आणि तिच्या सोयीने उशिरा निघालो तर माझा मासा गेला. तुम्ही कोणता महिना निवडाल, आणि कोणत्या क्रमाने जाल?

दुसरा प्रश्न जागांचा आहे. आमच्याकडे होडी नाही. काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकता येईल अशा सुरक्षित जागा कोणत्या, की एक-दोन दिवस मार्गदर्शकासह भाड्याची होडी घेणेच शहाणपणाचे आहे? पत्नीचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे खूप पायऱ्या नसलेली पोहण्याची ठिकाणे हवी आहेत. मला मधुमेह आहे आणि मी इन्सुलिन घेतो. तिथल्या उन्हात ते सांभाळण्याचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य लिहावे.

तिसरे म्हणजे कॅरव्हॅन. गेल्या ऑक्टोबरात चाचणी म्हणून आम्ही फ्लिंडर्स रेंजेसला गेलो होतो. मागच्या बाजूला दोन सायकली, पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी ठेवली होती. समोरून मोठा ट्रक गेला आणि कॅरव्हॅन अशी डोलू लागली की ती गाडीलाच ओढून नेते की काय असे काही क्षण वाटले. ज्यांच्याकडून जोडणी करून घेतली होती त्यांनी ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले होते. स्टुअर्ट हायवेवर तर ५० मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक डबे जोडलेले अजस्र ट्रक, धावतात. पत्नी तेव्हापासून गाडीत बसली की दाराचा दांडा घट्ट धरून बसते, आणि ते पाहून मला फार वाईट वाटते. नेमके काय चुकले असावे?

डार्विनकर :

नमस्कार. मी नऊ वर्षांपासून डार्विनमध्ये आहे आणि तुमच्या दोन्ही इच्छा एकाच सहलीत पूर्ण होऊ शकतात असे मला वाटते, फक्त बहुतेक लोक जातात तो क्रम उलटा करावा लागेल.

दक्षिणेकडून येणारे प्रवासी मटारांका, कॅथरीन, लिचफील्ड असे थांबत थांबत वर येतात. तुम्ही तसे करू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात निघा, वाटेत फक्त मुक्कामापुरते थांबत सरळ डार्विन गाठा आणि मासेमारी आधी उरकून घ्या. तेव्हा रन-ऑफचा, म्हणजे पूरमैदानांवरचे पाणी नद्यांत उतरण्याच्या काळाचा, शेवट हाती लागण्याची शक्यता असते. नंतर संथपणे दक्षिणेकडे उतरत पोहण्याची ठिकाणे करा. तोपर्यंत मे संपत आलेला असेल आणि बरीचशी कुंडे उघडलेली असतील. मात्र उघडण्याची तारीख दर वर्षी पावसावर ठरते, त्यामुळे निघण्याच्या दिवशी सकाळी उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर त्या त्या ठिकाणाची स्थिती पाहण्याला पर्याय नाही.

गळाविषयी : इथे हौशी मासेमारीला परवाना लागत नाही, पण ५५ सेंटीमीटरपेक्षा लहान बॅरामुंडी ठेवता येत नाही, आणि मेरी व डेली या नद्यांवर माशांच्या संख्येची मर्यादा इतर ठिकाणांपेक्षा कमी आहे. एक गोष्ट तुम्हाला आवडेल. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुढे मादी होतो. त्यामुळे मोठा मासा बहुधा अंड्यांवरची मादी असते आणि इथले बरेच जाणकार तो फोटो काढून परत सोडतात. होडी नसेल तर मेरी नदीवर किंवा कोरोबोरी बिलाबाँगवर (नदीपासून तुटून उरलेल्या डोहावर) मार्गदर्शकासह एक दिवस घ्याच. तो खर्च वाया जाणार नाही. शेडी कॅम्पचे नाव तुम्हाला सगळे सांगतील. तिथे बंधाऱ्याच्या एका बाजूला गोडे पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरतीचे पाणी आहे, मासा भरपूर आहे, पण मगरीही तितक्याच आहेत, आणि पहिल्यांदाच येणाऱ्याने त्या काठावरून गळ टाकावा असे मी कधीच म्हणणार नाही. शहरात नाइटक्लिफची जेटी आहे, उंचावर, कठड्यासह. संध्याकाळी तिथे निवांत बसता येते. डार्विनला भरती-ओहोटीतला फरक ८ मीटरच्या आसपास जातो, म्हणून आधी तक्ता पाहूनच जा. खाडीच्या तोंडाशी तुम्हाला तुमचे आणखी दोन ओळखीचे मासे भेटतील : रावस आणि घोळ.

काठावर असताना पाण्यापासून किमान ५ मीटर मागे उभे राहावे, एकाच जागी रोज त्याच वेळी जाऊ नये आणि मासे पाण्याच्या कडेला साफ करू नयेत, कारण मगर माणसाची सवय लक्षात ठेवते. १९७१ पासून इथे मगरींना संरक्षण आहे आणि त्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. पाटी दिसली नाही म्हणजे मगर नाही, असे धरून चालू नका. समुद्रात तर उतरूच नका, कारण ऑक्टोबर ते मे विषारी बॉक्स जेलीफिशचा मोसम असतो आणि मगरी बारा महिने असतात. आणखी एक : ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या (इथे त्याला हाय कोर्ट म्हणतात) २००८ च्या ब्ल्यू मड बे निकालानुसार आदिवासी भूमीला लागून असलेल्या भरतीच्या पाण्यावरही त्या भूमीच्या मूळ मालकांचा हक्क आहे, तेव्हा अनोळखी खाडीत जाण्याआधी परवानगी लागते का हे नॉर्दर्न लँड कौन्सिलकडे, म्हणजे या मूळ मालकांच्या वतीने काम पाहणाऱ्या संस्थेकडे, विचारून घ्या.

आता वहिनींच्या पोहण्याविषयी. त्यांच्या गुडघ्याचा विचार करता मी मटारांकाला पहिली पसंती देईन. तिथल्या उष्ण झऱ्याचे पाणी बारमाही ३४ अंशांच्या आसपास असते, पाम वृक्षांच्या सावलीत, आणि वाहनतळापासून थोडेच चालावे लागते. जवळच बिटर स्प्रिंग्ज आहे. तिथे फोमची नळी काखेत घेऊन प्रवाहाबरोबर नुसते तरंगत जायचे. मी माझ्या आईला घेऊन गेलो होतो, आणि पंचाहत्तर वर्षांची ती बाई पाण्याबाहेर यायला तयार नव्हती. लिचफील्डमध्ये फ्लॉरेन्स धबधब्याला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, त्यापेक्षा बुली रॉकहोल बरे. वांगी सोपे आणि सुंदर आहे, पण तेच सर्वांत उशिरा उघडते. काकाडू राष्ट्रीय उद्यानात पोहण्याचा हट्ट धरू नका. तिथे कुइंडाहून यलो वॉटरची होडीची फेरी करा आणि मगरी होडीतूनच पाहा. २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या पर्यटकांना टेरिटरीच्या बहुतेक उद्यानांसाठी पास घ्यावा लागतो आणि काकाडूचा पास वेगळा असतो, हे लक्षात असू द्या.

मधुमेह आहे म्हणून कळकळीने लिहितो : इथल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मेलिओइडोसिस या रोगाचे जंतू असतात आणि मधुमेहींना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तो पावसाळ्यात अधिक आढळतो, पण चिखलात अनवाणी कधीही जाऊ नका, पायाला जखम असेल तर झाकून ठेवा, आणि प्रवासात किंवा परतल्यावर ताप आला तर टॉप एंडला जाऊन आल्याचे डॉक्टरांना सांगा.

मैलाचा दगड :

कॅरव्हॅनविषयी लिहितो, कारण मी दोनदा हा रस्ता केला आहे. तुम्ही जड सामान मागे ठेवले, त्यामुळे पुढचे टोक हलके झाले आणि टो-बॉलवर (कॅरव्हॅन ज्यावर जोडतात त्या गाडीमागच्या गोळ्यावर) पडणारा भार कमी झाला. तो भरलेल्या कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. तसा तो नसला की वाऱ्याचा झोत लागताच मागचा भाग लंबकासारखा झुलू लागतो. सायकली घरी ठेवा, पाणी आणि अवजारे चाकांच्या आसाजवळ जमिनीलगत ठेवा, आणि निघण्यापूर्वी सगळे सामान भरून, दोघेही गाडीत बसून सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी आणि कॅरव्हॅन वेगवेगळी तोलून घ्या. कोणी ‘ठीक आहे’ म्हणाले म्हणून विश्वास ठेवू नका. आकडा स्वतः पाहा.

टेरिटरीत हायवेवर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा असली तरी तुम्ही ९० च्या पुढे जाऊ नका. रोड ट्रेन मागून येत असेल तर वेग किंचित कमी करा, सरळ चालत राहा आणि रेडिओवर ४० नंबरच्या चॅनेलवर चालकाशी बोला. ही माणसे सौजन्याने उत्तर देतात. डोलणे सुरू झालेच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि कॅरव्हॅनचा इलेक्ट्रिक ब्रेक हाताने थोडा लावा. सूर्य मावळल्यावर गाडी चालवायची नाही, कारण त्या वेळी कांगारू आणि गुरे रस्त्यावर येतात.

इन्सुलिनसाठी १२ व्होल्टचा छोटा फ्रिज गाडीतच ठेवा, कॅरव्हॅनमध्ये नको, म्हणजे दिवसभर तुमच्या नजरेसमोर राहील. आत एक साधा तापमापक टाका.

खाडीकाठ :

आपण दोघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. काल रात्री दोन्ही प्रतिसाद पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. बिटर स्प्रिंग्जचे वर्णन तिने दोनदा वाचायला लावले आणि मग स्वतःच नकाशा काढून मटारांकाला चार रात्री धरल्या. वजनकाट्यावर शनिवारी जातो आहे. सायकली शेजाऱ्यांच्या मुलांना देऊन टाकल्या.

निघण्याची तारीख ४ मे धरली आहे. डार्विनकर, आता एवढेच विचारतो : नाइटक्लिफच्या जेटीवर उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत जावे की भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या)? आमच्याकडे वडील जिताड्यासाठी उधाणाची भरती सुरू होण्याची वाट पाहत, पण ८ मीटरच्या भरतीत ओढ किती असेल याचा मला अंदाज येत नाही.

डार्विनकर :

भांगाच्या दिवसांत जा. उधाणात पाणी इतके गढूळ होते आणि इतक्या जोराने वाहते की गळ तळाला टिकतच नाही. भरती चढू लागल्यावर पहिले दोन तास बसा. जड शिसे आणि भक्कम तंगूस बरोबर ठेवा. मेच्या मध्यावर पोचलात की कळवा, जेटीवर मीही येतो.