सिंगापूरहून ५ रात्रींची क्रूझ: माळकरी आई, मासेखाऊ बाबा आणि बोटीवर कार्तिकी एकादशी. कुठली बोट घ्यावी?

नमस्कार मंडळी,

यंदा बाबांची पंच्याहत्तरी आहे. शांत वगैरे करायला त्यांचा साफ नकार. "मला समुद्रावर घेऊन चला," एवढंच मागणं. मूळचे मालवणचे, चाळीस वर्षं डोंबिवलीत काढली, त्यामुळे हे मागणं आम्हाला नवीन नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपली की आठवड्याभरात निघायचं असं ठरतंय. आई-बाबा, आम्ही चौघं, धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची चार वर्षांची लेक, अशी ९ माणसं. सिंगापूरहून पेनांग-फुकेत करून परत. दोन पर्याय समोर आहेत: रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसची 'जेंटिंग ड्रीम' किंवा रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली बोट. एजंटला जेवणाचं विचारलं की तो दोन्हीकडे एकच उत्तर देतो, "मॅडम, इंडियन फूड मिळतं, टेन्शन घेऊ नका."

मला टेन्शन आहे. का, ते सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी आई-बाबांना भूमध्य समुद्रातल्या ७ रात्रींच्या क्रूझवर नेलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. बुकिंग करताना शाकाहारी असं नोंदवलं होतं. पहिल्या तीन रात्री आईने भाज्यांचं सूप घेतलं, गरमगरम, तिला आवडलंही. चौथ्या रात्री मी वेटरला सहज विचारलं की यात काय काय घालता. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "चिकन स्टॉक."

आई माळकरी आहे. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ आहे. टेबलावर मी काहीच बोलले नाही, केबिनमध्ये गेल्यावर सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि माळ मुठीत धरून बराच वेळ तशीच बसून राहिली. रागावली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून उरलेली सगळी जेवणं तिने दही, पाव आणि केळ्यांवर काढली. बाबांनीही मग मासे घेतले नाहीत. मी ज्यांना मिरवायला नेलं होतं ती दोघं समोर बसून पाव कुस्करत होती. ते दृश्य मला परत बघायचं नाही.

गेल्या वर्षी मुंबई-गोवा कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या बोटीने जाऊन आलो. 'एम्प्रेस' बोट १९९० ची, म्हणजे पूर्वीची रॉयल कॅरिबियनची 'एम्प्रेस ऑफ द सीज'. केबिन त्या काळाच्या मापाच्या, पण आई निवांत जेवली. जैन जेवण वेगळं होतं, वाढणाऱ्या मुलांना हिंदीत विचारता येत होतं आणि त्यांना प्रश्नही कळत होता. मुरगाव बंदरात शिरताना पहाटे बाबा डेकवर कठड्याला धरून उभे होते, आई त्यांच्यासाठी कागदी पेल्यात चहा घेऊन गेली. मला अशी सहल हवी आहे. फक्त बाबांना आता परदेशातलं बंदर बघायचं आहे.

आता खरी अडचण. निघायच्या तारखा चातुर्मासाच्या शेवटी येतात. आईचं कांदा, लसूण, वांगं बंद असतं. त्यामुळे पहिले तीन दिवस जैन जेवण चालेल. चौथ्या दिवशी कार्तिकी एकादशी. त्या दिवशी तिला उकडलेला बटाटा, रताळं, दूध, फळं लागतील, आणि जैन जेवणात नेमका बटाटाच नसतो. हे बोटीवर कुणाला आणि कसं समजावायचं?

शिवाय, नऊ माणसं एका टेबलावर रोज बसू शकतो का? बुफेत ताटं घेऊन जागा शोधत फिरणं बाबांच्या गुडघ्यांना झेपत नाही. आणि आईची एकादशीला निरांजन लावायची इच्छा आहे, ते चालेल का?

पोहण्याचे तलाव, कॅसिनो, रात्रीचे कार्यक्रम यांची माहिती सगळीकडे मिळते. कृपया ताटाबद्दल सांगा. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शाकाहारी माणसाच्या ताटात खरंच काय असतं?

*

प्रतिसाद (सिंगापूरहून)

ताई, दोन्ही बोटींवर जाऊन आले आहे, सासू-सासऱ्यांसोबत. माझ्या फेऱ्यांमध्ये दिसलं तेवढंच सांगते.

'जेंटिंग ड्रीम' २०१६ ची. शाळांच्या सुट्ट्यांत बोटीवर आपली माणसं भरपूर. लिडो बुफेत भारतीय शाकाहारी आणि जैन पदार्थांचा भाग वेगळा मांडलेला होता. तुमचा सकाळी आठचा प्रश्न वाचला आणि ताटच डोळ्यांसमोर आलं: इडली, सांबार, उपमा, एक उसळ, फळं, दही. दुपारी डाळ, दोन भाज्या, भात, चपाती. चपाती मऊ होती पण पुरी-पराठ्याच्या वळणाची, घडीची पोळी नव्हे. गर्दीच्या वेळी मात्र जागा शोधावी लागली.

रॉयल कॅरिबियनवर विंडजॅमर हा बुफे आणि त्याशिवाय मोठं डायनिंग रूम. तिथे ठरलेल्या वेळेची पद्धत निवडली की रोज तेच टेबल, तोच वेटर. आमच्या वेटरला दुसऱ्याच दिवशी ठाऊक होतं की सासूबाईंना गरम पाणी लागतं, ते आम्ही बसायच्या आत टेबलावर असायचं. रोजच्या मेनूत एक तरी भारतीय शाकाहारी पदार्थ होता. विविधता जेंटिंगवर जास्त होती, पण सासूबाई रॉयलवर जास्त जेवल्या. निवांत बसायला मिळालं म्हणून.

मुलांचं म्हणाल तर क्वांटम वर्गात बंपर कार आहेत, आणि 'नॉर्थ स्टार' नावाची काचेची कुपी माणसांना समुद्रापासून ३०० फूट वर नेते. बाबांना त्यात नक्की बसवा.

व्हिसा बघून घ्या. बोट परत सिंगापूरलाच येते, म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तर अडकाल.

*

प्रतिसाद (सावंतवाडीहून)

ताई, मी ११ वर्षं क्रूझ बोटींच्या गॅलीत, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरात काढली. बोटीवर नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना गोव्यात तारवटी म्हणतात. माझे काकासुद्धा तारवटी, ते मुंबईला धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात राहून बोटीची वाट बघायचे. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, म्हणून सगळं लिहितो.

पहिली गोष्ट, सूप. मोठ्या गॅलीत सूप आणि सॉसचा पाया म्हणजे स्टॉक, हाडं उकळून काढलेलं पाणी. तो मोठ्या कढयांमध्ये एकदाच होतो आणि अनेक पदार्थांत जातो. मेनूवर 'व्हेजिटेबल सूप' लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ त्यात भाज्या आहेत, एवढाच. बुकिंगमध्ये 'शाकाहारी' लिहिलेलं गॅलीपर्यंत पोचतंच असं नाही. पोचतं ते हेड वेटरच्या कागदावरून. म्हणून बोटीवर चढलात की त्याच दुपारी, बुफेच्या नादी न लागता, डायनिंग रूमच्या दारात जा आणि हेड वेटरला भेटा. तो पहिल्या दिवशी याच कामासाठी तिथे असतो.

त्याला सांगा की उद्याचं जेवण आज रात्री ठरवायचं आहे. हीच किल्ली आहे. रात्री जेवण संपताना तो उद्याचा मेनू आणतो, तुम्ही निवडता, आणि सकाळी भारतीय आचाऱ्याच्या हातात चिठ्ठी जाते. कुकर लावायला, डाळ वेगळी काढायला त्याला वेळ मिळतो. आयत्या वेळी सांगितलं तर तोही काय करणार, उकडलेल्या भाज्या पाठवतो.

दुसरं, सिंगापूरकडच्या जेवणात चिकन स्टॉकपेक्षा जास्त सांभाळायचं ते फिश सॉस, ऑइस्टर सॉस आणि बेलाचान. बेलाचान म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा लगदा, आपल्या जवळ्याचा भाऊबंद. साध्या परतलेल्या पालेभाजीत हे असू शकतं. बाबांना आवडेल, आईंना अजिबात चालणार नाही. गोडात जेली आणि मूस असेल तर जिलेटिन आहे का विचारा, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचा मासा असतो.

चपातीचं कारण सांगतो. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी, म्हणून गॅलीत उघडी ज्योत नसते, सगळं विजेवर. फुलका तव्यावरून उचलून जाळावर टाकता येत नाही, त्यामुळे तो घरच्यासारखा टम्म फुगत नाही. आचाऱ्याला येत नाही असं नका समजू. आम्हीच कितीदा हळहळायचो.

याच कारणाने निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती केबिनमध्ये चालत नाही. किटली, इस्त्रीसुद्धा तपासणीत काढून घेतात. सेलवरचा दिवा न्या.

एकादशीचं अवघड नाही. 'जैन' हा शब्द त्या दिवसापुरता वापरूच नका, गोंधळ होईल. आदल्या रात्री सांगा: सालासकट उकडलेले बटाटे, वर लोणी, मीठ-मसाला काही नाही. दूध, दही, कापलेली फळं. बटाटे बोटीवर पोत्यांनी असतात. शेंगदाण्याचा कूट, सैंधव, राजगिऱ्याचे लाडू घरून बंद पाकिटात न्या. साबुदाणा भिजवून खिचडी करून द्या म्हणू नका. आचारी बंगालचा किंवा गढवालचा असला तर बिचारा तुम्हाला लगदा करून देईल.

आणि बुफेतून काढलेलं अन्न ठरावीक तासांनी टाकून देतात, त्यावर कडक नियम आहे. "रात्रीची भाजी सकाळी द्या" चालत नाही. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर जीव तुटतो बघून.

*

प्रतिसाद (सिॲटलहून)

तुमच्या मार्गाचं नाही, पण सुपावरून आठवलं. आम्ही आईला घेऊन हॉलंड अमेरिकाने अलास्काला गेलो होतो. हिमनदी समोर आली की डेकवर गरम वाटाण्याचं डच सूप देतात, जुनी प्रथा आहे. वाटाणे म्हणून आई पेला उचलणार तेवढ्यात मी विचारलं. त्यात हॅम. थंडीत सगळे तेच पीत होते. आईसाठी वेटरने आतून कोको आणून दिला, तोही न सांगता. विचारत राहा, माणसं चांगली असतात.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सावंतवाडीचे दादा, तुमचा प्रतिसाद आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बेलाचान म्हणजे जवळ्याचा भाऊबंद हे ऐकून बाबा खूश झाले आहेत. आईने फक्त हेड वेटरचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

आम्ही रॉयल कॅरिबियनकडे झुकतोय, ठरलेल्या वेळेच्या टेबलासाठी. जेंटिंगवर आईला पदार्थ जास्त मिळतील हे कळतंय, पण एकाच माणसाला पाच दिवस सांगायचं असेल तर चूक कमी होईल असं वाटतं. वेळ लवकरची घेते, आई आठनंतर जेवत नाही. सोमवारी बुकिंग करायचंय, त्याआधी एकच विचारते. त्या हेड वेटरला पहिल्या दिवशी नेमकं काय सांगू? माझं इंग्रजी ऑफिसपुरतं बरं आहे, पण गेल्या वेळीही मी 'व्हेज' म्हटलंच होतं.

*

प्रतिसाद (सावंतवाडीहून)

'व्हेज' शब्दावर थांबू नका. काय चालत नाही ते एकेक लिहून न्या. मांस, मासे, अंडं, चिकन किंवा फिश स्टॉक, फिश सॉस, ऑइस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, जिलेटिन, कांदा, लसूण, वांगं. खाली वेगळ्या ओळीत एकादशीची तारीख आणि 'फक्त बटाटा, दूध, दही, फळं'. खाली टेबल नंबर आणि केबिन नंबर. दोन प्रती करा, एक हेड वेटरला आणि एक टेबलावरच्या वेटरला. आणि वर ठळक अक्षरांत लिहा की हे धार्मिक व्रत आहे, ॲलर्जी नाही. ॲलर्जी लिहिलं तर गॅली घाबरते आणि सगळंच बंद करून नुसता भात देते. व्रत म्हटलं की आत कोण ना कोण आपला माणूस असतोच, तो स्वतः बाहेर येऊन विचारतो. मी कितीदा आलोय.