उसिकला हरवणार कोण? इटाउमा, काबायेल, पार्कर... की वय?

डावा_पाय_बाहेर (अकोला), ३० ऑगस्ट २०२५

गणपतीमुळे आमच्या बॉक्सिंग क्लबमधली निम्मी पोरं गायब आहेत. तेवढ्या वेळात ओलेक्झांडर उसिकच्या हेवीवेटमधल्या आठही लढती पहिल्यापासून पुन्हा बघून काढल्या. १९ जुलैला वेम्बलीवर त्याने डॅनियल दुबोआला पाचव्या राउंडमध्ये झोपवलं आणि चारही जागतिक विजेतेपदाचे बेल्ट परत एकत्र केले. २४ लढती, २४ विजय. पण माणूस ३८ वर्षांचा आहे, जानेवारीत ३९ चा होईल. पोरं रोज विचारतात, "सर, याला हरवणार कोण?" आणि स्वतःच उत्तर देतात, "इटाउमा." मला ते पटत नाही, म्हणून इथे विचारतोय.

आधी माझं म्हणणं सांगतो. ज्याचा पंच मोठा, तो उसिकला हरवेल हा हिशोबच चुकीचा आहे. जोशुआचा पंच मोठा होता, दुबोआचा होता, फ्युरी तर त्याच्यापेक्षा १५ सेंटीमीटर उंच आणि दुसऱ्या लढतीत ५५ पौंड जड होता. सगळे हरले. उसिक डावखुरा आहे, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढे. समोरच्याचा डावा पाय पुढे. दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात आणि त्यात ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याचा मागचा हात सरळ हनुवटीच्या रेषेत येतो. उसिक ती बाहेरची जागा बाराही राउंड सोडत नाही. २०२१ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर जोशुआ पूर्ण लढत फक्त वळत राहिला. उजवा हात सोडायला तो उभा राहायचा, तोवर उसिक तिथे नसायचा.

हे मी अंगावर घेतलंय. ७५ किलोत खेळायचो तेव्हा एका शिबिरात सैन्यातल्या एका डावखुऱ्या मुलाबरोबर तीन राउंड स्पारिंग केलं. माझा पाय त्याच्या पायावर पडत होता, मी उजवा सोडला की हवेत जायचा आणि लगेच नाकावर त्याचा डावा बसायचा. दुसऱ्या राउंडनंतर कोपऱ्यात सर म्हणाले, "डोकं सोड, पोट बघ." डोकं हलतं, पोट तेवढं हलत नाही. तिसऱ्या राउंडमध्ये दोनच पंच बरगडीखाली लागले, पण त्यानंतर त्याचे पाय जड झाले ते मला दिसलं.

उसिकचंही तेच आहे. त्याच्या कारकिर्दीतले सगळ्यात कठीण क्षण आठवा. व्रोत्स्वाफला २०२३ मध्ये पाचव्या राउंडमध्ये दुबोआचा उजवा कमरपट्ट्यावर बसला आणि उसिक खाली कोसळला. रेफरीने तो पंच पट्ट्याखाली धरला आणि त्याला सावरायला वेळ दिला. त्या निर्णयावर अजून भांडणं चालतात, पण मी तिथे उसिकचा चेहरा बघतो. मग मे २०२४, रियाध. फ्युरीने मधल्या राउंडमध्ये पोटात अपरकट (खालून वर जाणारा पंच) मारायला सुरुवात केली आणि तेवढा वेळ लढत त्याच्या हातात होती. नवव्या राउंडमध्ये उसिकने त्याला दोरांवर भिरकावलं म्हणून वाचला, नाहीतर स्प्लिट डिसिजन (तीन परीक्षकांपैकी दोघांचा कौल) उलटं गेलं असतं.

म्हणून माझं नाव अगित काबायेल. जर्मनीचा, ३२ वर्षांचा, एकही लढत हरलेला नाही. मखमुदोव, फ्रँक सांचेझ, झांग झिलेई, तिघांनाही त्याने रियाधमध्ये वेळेआधी थांबवलं आणि पोटावर काम करून करून थांबवलं.

तुमचं मत सांगा. आणि वेम्बलीवर कोणी प्रत्यक्ष होतं का? उसिकचे पाय पूर्वीसारखे दिसले का, हे मला टीव्हीवरून नीट कळलं नाही.

पहिला_ठोसा (पुणे)

दादा, तुमच्या पोरांच्या बाजूने मी बोलतो. तुमचा सगळा मुद्दा पुढच्या पायावर उभा आहे, आणि मोझेस इटाउमा स्वतः डावखुरा आहे. डावखुऱ्यासमोर डावखुरा आला की बाहेरच्या पायाचं भांडणच उरत नाही, दोघं एकाच बाजूने उभे. हेवीवेटमध्ये उसिकला खरा डावखुरा अजून भेटलेलाच नाही.

१६ ऑगस्टची लढत बघितली असेल. डिलियन व्हाइट दोन मिनिटंसुद्धा टिकला नाही. मला धडकी भरली ती पंचाने नाही. व्हाइट मागे सरकला तेव्हा हा पोरगा धावला नाही, एक पाऊल थांबला, व्हाइटचे हात वर येऊ दिले आणि मग मारलं. वीस वर्षांच्या मुलाला एवढा धीर कुठून येतो? १३ पैकी ११ नॉकआउट आहेत. उसिकच्या वयात आणि त्याच्यात १८ वर्षांचं अंतर आहे. त्या अंतरापुढे पायाची चाल किती दिवस टिकणार?

राणी_५१किलो (नागपूर)

पहिला_ठोसा, क्रूझरवेटमध्ये (हेवीवेटच्या खालचा वजनगट) उसिकने बेल्ट पहिल्यांदा जिंकला तो ग्लोवात्स्कीकडून, पोलंडमध्ये जाऊन, २०१६ साली. ग्लोवात्स्की डावखुरा होता. तेव्हा डावखुऱ्यापुढे उसिक गोंधळेल असं समजू नका. आणि इटाउमा सहा राउंडच्या पुढे कधी गेलेलाच नाही. उसिकच्या लढती सातव्यानंतर उघडतात. दहाव्या राउंडमध्ये तोंडातून श्वास सुरू झाल्यावर हा मुलगा काय करतो, ते आधी कुणाविरुद्ध तरी दिसू दे. मला तो खूप आवडतो, म्हणूनच म्हणते की दोन वर्षं थांबवा त्याला.

डावा_पाय दादा, काबायेलबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, आणि ती तुमच्या बाजूची आहे. झांग डावखुरा आहे. लिव्हर उजव्या बाजूला असतं, आणि डावखुऱ्याची उजवी बाजूच पुढे असते. म्हणजे काबायेलच्या डाव्या हाताला लिव्हर अगदी जवळ मिळतं. डावखुरा उजव्या हाताने जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) टाकतो तेव्हा त्याचं उजवं कोपर बरगडीवरून सुटतं, आणि तीच वेळ.

तो पंच ज्याला बसलाय त्यालाच कळतं. मला एकदा बसला होता. पहिल्या क्षणाला काहीच नाही, मला वाटलं गेला वाया. मग पाय आपोआप दुमडले. डोकं पूर्ण जागं, रेफरीचे आकडे स्पष्ट ऐकू येत होते, आठपर्यंत मी मनात उठत होते आणि शरीर जमिनीवरच.

पण काळजीची बाजूही आहे. काबायेल आत शिरताना मार खातो. पाचव्या राउंडमध्ये झांगने त्याला खाली पाडलं होतं. आणि तो झांग ४१ वर्षांचा, दमलेला होता. उसिक दमत नाही, आणि त्याचा डावा सरळ आत येणाऱ्याच्याच वाटेवर असतो.

विल्सडनकर (लंडन)

नमस्कार. मी वेम्बलीवर होतो, मित्राबरोबर, वरच्या मजल्यावर. जवळजवळ ९० हजार माणूस. तिथून चेहरे दिसत नाहीत, पण वरून बघण्याचा एक फायदा होतो. पायांचा नकाशा दिसतो. टीव्हीवर कॅमेरा कमरेच्या वर असतो, त्यात तो हरवतो.

दुबोआ रिंगच्या मध्यावर आणि उसिक त्याच्याभोवती, हे सगळ्यांना माहीत आहे. मला जाणवलं ते असं की त्या रात्री वर्तुळ लहान होतं. जोशुआच्या दोन्ही लढतींत तो दोरांच्या जवळून फिरायचा. इथे अर्ध्या पावलाने सरकत होता, आणि सरकून झाल्यावर पाय रोवून मारत होता. वजनही २२७ पौंड, म्हणजे १०३ किलोच्या आसपास, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त. पाचव्यात दुबोआ एकदा पडून उठला. परत तुटून पडायला गेला आणि उसिकचा डावा हूक वरून आला. आमच्या आजूबाजूला सगळे इंग्लिश लोक, आवाज एकदम बंद झाला. १ मिनिट ५२ सेकंदांना खेळ संपला.

आता याचा अर्थ काय लावायचा? माझा मित्र म्हणतो, उसिक आता वजनदार आणि जास्त खतरनाक झालाय. मला वाटतं, तो लांबचं फिरणं वाचवतोय. २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला व्लादिमिर क्लिच्को ३९ वर्षांचा होता. फ्युरीने त्याला फार मारलं नव्हतं. क्लिच्कोला पंचाची जागा दिसत होती आणि हात सुटतच नव्हता. वय असं एका रात्रीत येतं, आदल्या लढतीत त्याचा पत्ता नसतो.

पार्करबद्दल कुणीच लिहिलं नाही. डब्ल्यूबीओने (चारपैकी एक बेल्ट देणारी संघटना) उसिकला त्याच्याशीच लढायला सांगितलंय, आणि वाइल्डर, झांग, बाकोले अशा तिघांना हरवून तो त्या जागेवर पोचलाय. त्याला नंबर मिळायला हवा हे खरं. पण माझ्या मते तो पॉइंटवर हरेल. पार्कर समोर उभा राहून चांगला लढतो, आणि उसिक कुणाच्या समोर उभाच राहत नाही.

डावा_पाय_बाहेर (अकोला)

विल्सडनकर, मला हेच हवं होतं. वर्तुळ लहान झालंय हे वाचून मी लढत पुन्हा लावली आणि या वेळी फक्त पाय बघितले. तिसऱ्या राउंडमध्ये दोनदा तो दुबोआच्या समोरच थांबलाय, बाहेर न जाता. २०२१ चा उसिक तिथे थांबला नसता. दुबोआ पोटावर गेलाच नाही, डोक्यामागे लागला, म्हणून ते थांबणं उसिकला महाग पडलं नाही.

क्लिच्कोचं उदाहरण मात्र मला अर्धंच पटतं. क्लिच्को जॅब आणि मिठी यावर जगायचा, अंतर तुटलं की त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. उसिकने रियाधमध्ये हरत आलेली लढत सातव्या-आठव्या राउंडमध्ये ओढून आणली. ज्याच्याकडे असा दुसरा रस्ता असतो, तो एका रात्रीत संपत नाही असं मला मनापासून वाटतं. तो राउंडाराउंडाने संपेल.

राणीताई, झांगचं लक्षात आणून दिलंत, आभार. काबायेल पहिले पाच राउंड हरेल हे मी धरून चालतो. प्रश्न एवढाच आहे की हरतानाही तो पोट सोडतो का. झांगने पाडल्यावर तो उठला आणि पुढच्याच राउंडमध्ये परत पोटावरच गेला. घाबरून डोक्याकडे गेला असता, तर मी त्याचं नाव घेतलं नसतं. लढत वर्षभरात झाली तर दहाव्या राउंडच्या पुढे काबायेल, असं लिहून ठेवतो. इटाउमाला २०२७.

आज संध्याकाळी चारच पोरं आली होती. त्यांना झांगच्या लढतीचा सहावा राउंड आवाज बंद करून दाखवला आणि एकच काम दिलं: झांगचं उजवं कोपर बरगडीवरून किती वेळा सुटतं ते मोजा. चौघांचे चार आकडे आले, म्हणून परत लावला. तिसऱ्यांदा बघताना सगळ्यात लहान पोरगा एकदम म्हणाला, "सर, प्रत्येक जॅबला सुटतंय."

राणी_५१किलो (नागपूर)

दादा, त्याच पोराला आता उसिकची रियाधमधली पहिली लढत दाखवा, चौथा ते सातवा राउंड. त्याला तिथे किती वेळा दिसतं ते इथे लिहा.