सायनफेल्डमधला तो रेस्टॉरंटवाला कोण?

काल सायनफेल्ड या अमेरिकन विनोदी मालिकेचा १९९१ चा तो चायनीज रेस्टॉरंटचा एपिसोड परत बघितला, त्यात तो माणूस "पाच-दहा मिनिटं" म्हणत अख्खा वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवतो, चेहरा शंभरदा पाहिलाय पण नाव काही आठवेना. कोण हा?

> जेम्स हाँग! जन्म १९२९, मिनियापोलिसचा. मूळचा सिव्हिल इंजिनियर बरं का, लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांचं काम करायचा, मग ते सोडून ॲक्टिंग.

> त्या एपिसोडमध्ये तो फोन आल्यावर "कार्टराइट!" असं ओरडतो ना, तेवढ्यावरच मी फिदा. पण पूर्वी टीव्हीवर आशियाई नटांना वेटर नाहीतर व्हिलन, एवढंच मिळायचं, म्हणून १९६५ ला यानं आणि माको (जपानी-अमेरिकन नट) वगैरे मंडळींनी ईस्ट वेस्ट प्लेयर्स ही नाटक कंपनीच काढली. लीड रोल मिळत नाहीत तर स्वतः उभे करा!

> कुंग फू पांडातला पांडाचा बाप, तो नूडलवाला हंस, तो आवाज पण याचाच 😀

> हॉलिवूडच्या फुटपाथवरचा नावाचा स्टार (वॉक ऑफ फेम) मात्र २०२२ मध्ये मिळाला, वय ९३. फारच लवकर दिला म्हणायचा.

> प्रश्नकर्ता: हंस?? मुलांबरोबर दहादा बघितलाय तो पिक्चर, कधी ट्यूबच पेटली नाही.