मुलगा घरी परत आला तर आईची लाडली बहना जाते का?

ताई, नोकरीवाला मुलगा इंदूरला घरी राहायला आला म्हणून लाडली बहनाचा (मध्य प्रदेशात महिलांना दरमहा पैसे देणारी योजना) तुमचा हप्ता थांबेल, ही भीती मी आमच्या घरात अनुभवली आहे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं. वर्षाला अडीच लाखांच्या मिळकतीची मर्यादा आणि आयकर न भरण्याची अट त्यांनाच लागू. कमावता मुलगा अवलंबून कसा?

पण आमच्या समग्रच्या (मध्य प्रदेश सरकारची कुटुंब-नोंदणी) ८ अंकी परिवार आयडीत भावाचं नाव होतं, आणि तपासणीत त्याचाच पगार विचारला. आई पासबुक मुठीत धरून दोन तास उभी, फार वाईट वाटलं. तेव्हा समग्रचा प्रिंट आधी नीट बघा.

मुलाच्या पगारामुळे आजोबांचं आयुष्मान कार्ड (मोफत उपचाराचं) जाईल, ही काळजी नको. ७० वर्षांवरच्यांच्या आयुष्मान कार्डाला घरच्या मिळकतीची अटच नाही.